अप्पांचा कोळसा आणि तुमचा प्लग पॉइंट

पुण्यातल्या सिंहगड रस्ता भागातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्राचा सारांश असा:

"आमची पेट्रोलची छोटी गाडी नऊ वर्षांची झाली. यजमानांना आता ईव्हीच, म्हणजे विजेवर चालणारी गाडीच घ्यायची आहे. ते रोज हिंजवडीला जातात, जाऊन-येऊन ४५ किलोमीटर. सासरे, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून २०१४ साली निवृत्त झाले. त्यांचा ठाम विरोध आहे. 'मी पस्तीस वर्षं कोळसा जाळला, तुमची वीज कुठून येते ते मला शिकवू नका. पुण्यातला धूर उचलून परळीत टाकायचा आणि वर आम्ही स्वच्छ म्हणायचं,' असं ते म्हणतात. मुलगी आठवीत आहे, ती म्हणते पेट्रोलची गाडी आणलीत तर मी बसणार नाही. सोसायटीची कमिटी चार्जर बसवू देत नाही, आग लागेल म्हणते. वर्षातून चारदा परळीला जावं लागतं. रोज जेवताना हाच विषय निघतो आणि ताटावरून कुणीतरी उठून जातं. दोघांनाही माझं मत हवंय आणि मला खरंच कळत नाही कोण बरोबर आहे. आम्ही ईव्ही घेतली तर ढोंग होईल का? नाही घेतली तर मागासलेपण?"

ताई,

ढोंग आणि मागासलेपण हे दोन्ही शब्द तुमच्या पत्रात आहेत, म्हणजे ही चर्चा गाडीची राहिलेली नाही. तुमच्या जेवणाच्या टेबलावर गाडी म्हणजे कोण कसा माणूस आहे याचं प्रमाणपत्र झालं आहे. ते आधी बाजूला ठेवू. गाडी नऊ वर्षांची आहे, आज ना उद्या बदलावी लागणार आहे, आणि तुमच्या घरची काही साधी गणितं आहेत. मात्र सुरुवात मी गणितापासून करणार नाही, अप्पांपासून करणार आहे. वीज कशी तयार होते हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस तुमच्या घरात एकच आहे आणि त्यालाच सगळे गप्प करू पाहताहेत, असं पत्र वाचताना मला वाटलं.

अप्पा म्हणतात ते मुळात खरं आहे. आपल्या देशात तयार होणाऱ्या दर दहा युनिटपैकी सात युनिटांच्या आसपास आजही कोळशातून येतात. २०२५ च्या मध्याला देशाची निम्मी स्थापित क्षमता कोळसा-गॅसव्यतिरिक्त स्रोतांची झाली, ही बातमी तुमच्या यजमानांनी नक्की वाचली असेल आणि घरात सांगितलीही असेल. तीही खरी आहे. पण क्षमता वेगळी आणि निर्मिती वेगळी. सूर्य मावळला की सौर पॅनेल थांबतं, बॉयलर थांबत नाही. दोघं वेगवेगळ्या आकड्यांवर भांडताहेत आणि दोघांचेही आकडे बरोबर आहेत.

आता तुमच्या गाडीपुरतं बघू. हिंजवडीची ये-जा वर्षाला साधारण २३० दिवस धरली तर १०,००० किलोमीटरच्या थोडं वर जाते. परळीच्या चार फेऱ्या मिळवल्या की एकूण १३,०००. सध्याची गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर वर्षाला ८६५ लिटर पेट्रोल झालं. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाचे दोन टन. जमिनीतून तेल काढणं, ते शुद्ध करणं, टँकरने पंपापर्यंत आणणं हे यात धरलेलं नाही. तेवढंच अंतर ईव्हीने गेलात तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून २,००० युनिटांच्या थोडं वर लागतील. आपल्या ग्रिडवर, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यावर, एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे दीड टनाच्या जवळपास.

दोन टन आणि दीड टन. अप्पांना वाटतं फरक शून्य आहे, मुलीला वाटतं फरक पूर्ण आहे. खरा फरक या दोन्हींच्या मधला आहे. कोळशाची वीज वापरूनही ईव्ही पुढे राहते, कारण पेट्रोलच्या इंजिनात बहुतेक उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरमधून फुकट जाते आणि विजेची मोटर मिळालेली बहुतेक वीज चाकापर्यंत पोचवते. पण ४० युनिट वीज साठवणारी बॅटरी तयार होतानाच अडीच ते चार टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. नुसत्या अर्ध्या टनाच्या फरकाने तो फिटायला पाच ते आठ वर्षं लागतील; तेल काढण्या-शुद्ध करण्याचा धूरही पेट्रोलच्या बाजूला मोजला तर तुमच्या वापरात चार-पाच वर्षं, असं मी धरते. त्यानंतरची वर्षं निव्वळ फायद्याची. आणि इथे एक मुद्दा यजमानांच्या बाजूने जातो, तो अप्पांना शांतपणे सांगा. पेट्रोलची गाडी दहाव्या वर्षीही लिटरमागे तेवढाच धूर सोडणार. ईव्हीचा धूर मात्र ग्रिडबरोबर कमी होत जातो. परळीत एक बॉयलर बंद झाला आणि कुठे माळावर सौर पॅनेल लागली, तर तुमची गाडी जागच्या जागी थोडी स्वच्छ झाली.

असाच प्रश्न इतर वाचकांनाही पडतो. ज्यांची गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालते, त्यांनी पर्यावरणासाठी म्हणून चालू गाडी विकून ईव्ही घेऊ नये. त्यांच्या बॅटरीचा धूर फिटायला दहा-पंधरा वर्षं लागतील. त्यांनी आहे ती गाडी नीट ठेवावी आणि जमेल तिथे बसने जावं.

पण ताई, अप्पांचं म्हणणं नुसतं कार्बनचं नाही. 'पुण्यातला धूर परळीत टाकायचा' हे वाक्य पुन्हा वाचा. त्या माणसाने राख पाहिली आहे. परळीच्या लोकांना वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी राख ठाऊक आहे, राखेच्या गाड्यांमागे उडणारी धूळ ठाऊक आहे. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं, तेव्हा अप्पा नोकरीत होते. एक वीज केंद्र किती पाणी पितं आणि त्याच गावाच्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे त्यांनी एकाच वेळी पाहिलं असणार. २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना धुरातला गंधक शोषणारी यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. म्हणजे अप्पांची तक्रार जुनी झालेली नाही. शहराच्या सोयीची किंमत दुसऱ्या गावाने मोजली, आणि आता तीच सोय शहर 'स्वच्छ' या नावाने मिरवतं, हा त्यांचा सल आहे. त्यावर ग्रॅम आणि टनांचं उत्तर चालत नाही. यजमानांना सांगा की एकदा अप्पांना विचारा, २०१३ मध्ये केंद्र बंद होतं तेव्हा तुम्ही रोज काय करत होतात? आणि ऐका. ईव्हीचा विषय त्या संध्याकाळी काढू नका.

या सलावर तुमच्या हातात खरोखरचं एक काम आहे. गाडी दुपारी चार्ज करायची. दिवसा सौर वीज मुबलक असते, रात्री कोळशाचा वाटा वाढतो. म्हणूनच महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर सवलत सुरू केली आहे. हिंजवडीच्या बऱ्याच कंपन्यांच्या आवारात चार्जर आहेत. यजमानांच्या कंपनीत असेल तर रोजचं चार्जिंग तिथेच दिवसा व्हावं आणि घरचा प्लग शनिवार-रविवारपुरता. नसेल तर त्यांनी कंपनीकडे लेखी मागणी करावी. असे आणखी चार जण सोबत सापडतीलच.

आता सोसायटी. माझ्या मते तुमचा सगळा निर्णय इथेच अडकला आहे, आणि घरात त्यावरच सगळ्यात कमी बोलणं होतं आहे.

कमिटीची भीती खोटी ठरवून चालणार नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यातच रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरने पेट घेतला, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, आणि आज बाजारातल्या बऱ्याच गाड्यांत लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते, जी तापायला तुलनेने संथ आहे. पण सोसायटीत खरा धोका बॅटरीपेक्षा वायरिंगचा असतो. तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेली एक्स्टेन्शन वायर, अर्थिंग नसलेला सॉकेट, जुन्या वीज-पॅनेलवर टाकलेला जादा भार. कमिटीने मनाई केली की लोक नेमकं हेच करतात, लपून. कमिटीला हे सांगा: परवानगी दिलीत तर काम नीट होईल, नाकारलीत तर वायरी खिडकीतून येतील.

आणि हे सांगताना भाराचा आकडा जवळ ठेवा. तुम्हाला मोठा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा खास चार्जर, लागत नाही. रोजच्या ४५ किलोमीटरला सात युनिट पुरतात. १५ अँपिअरच्या चांगल्या सॉकेटवर ते अडीच-तीन तासांत होतं. तो भार एका गीझरइतका आहे. सोसायटीत रोज सकाळी साठ गीझर चालतात, तेव्हा कुणी सभा बोलावत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वतःच्या वीजजोडणीवरून घरी गाडी चार्ज करता येते, त्यासाठी कुठलाही परवाना लागत नाही. मात्र हा कागद पहिल्याच दिवशी कमिटीच्या तोंडावर फेकू नका. शेजारी म्हणून आयुष्य काढायचं आहे. आधी अर्ज द्या: माझी पार्किंगची जागा ही, माझ्या मीटरपासून किंवा नव्या मीटरपासून वायर अशी पाइपमधून जाईल, जादा भार आला की वीज तोडणारा वेगळा एमसीबी आणि गळती झाली की तोडणारा आरसीसीबी बसेल, परवानाधारक वायरमन काम करेल, खर्च माझा. अर्जाची पोच घ्या.

अप्पांना विचारा की त्यांनी हा आराखडा बघावा का. त्यांचं मन वळवायची युक्ती म्हणून अजिबात नको, तो अपमान होईल आणि त्यांना लगेच कळेल. त्यांना सरळ म्हणा, 'अप्पा, गाडी कुठली घ्यायची ते ठरलेलं नाही. पण पॅनेलवर किती भार चढेल आणि अर्थिंग बरोबर आहे का, हे आमच्यापैकी कुणाला कळत नाही.' ते नाही म्हणाले तर विषय संपला. हो म्हणाले तर वार्षिक सभेत पस्तीस वर्षं वीज केंद्रात काढलेला माणूस बोलेल आणि कमिटीची अर्धी भीती तिथेच उतरेल. विरोधक राहूनही ते हे करू शकतात.

मीटरचा एक खड्डा लक्षात ठेवा. तुमचं घर महिन्याला २२० युनिट वापरत असेल आणि त्याच मीटरवर गाडीच्या रोजच्या ये-जाचे १३०-१४० चढले, तर तुम्ही ३०० ची पायरी ओलांडून महागड्या टप्प्यात जाता. तिथे प्रत्येक जादा युनिट बरंच महाग पडतं. महावितरणमध्ये ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे. वेगळा मीटर घेतला तर स्थिर आकार वाढतो, पण टप्प्यांचा फास राहत नाही. दोन्हींची बिलं कागदावर मांडून ठरवा. बरेच जण हे न बघता गाडी घेतात आणि पहिल्या बिलाला दचकतात.

पैशाचं थोडक्यात सांगते. पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे, म्हणजे तुमचा वर्षाचा खर्च ९०,००० च्या आसपास. ईव्हीचा, घरी आणि हमरस्त्यावर मिळून, २५,००० धरा. पण तशाच आकाराची ईव्ही घेताना दोन-अडीच लाख ते चार लाख जास्त मोजावे लागतात आणि विमाही थोडा चढा असतो. तुमच्या किलोमीटरला चार ते सहा वर्षांत फरक भरून निघतो. बॅटरीची हमी साधारण आठ वर्षांची असते, ती अटींसकट वाचून घ्या. मधला मार्ग म्हणून सीएनजीही आहे. खर्च दोन्हींच्या मध्ये, धूर पेट्रोलपेक्षा कमी, पण रांग आहे आणि डिकी जाते. सोसायटीत प्लगची सोय अजिबात होणारच नसेल, तर तुमच्यासाठी सीएनजी ही लाजिरवाणी निवड नाही.

परळीची फेरी. एका बाजूचे तीनशेच्या वर किलोमीटर. कंपनी जाहिरातीत जो पल्ला सांगते त्यातून तीस टक्के कमी करा. ४० युनिटची गाडी हमरस्त्याच्या वेगाला २४०-२६० किलोमीटर जाईल. म्हणजे अहिल्यानगर किंवा बीडला एक थांबा, तास-पाऊणतासाचा. हमरस्त्यावरच्या जलद चार्जरला युनिटचा भाव घरच्याच्या दुप्पट असतो. सासूबाई सोबत असतात का हे तुम्ही लिहिलं नाही. वयस्कर माणसांना तेवढ्या प्रवासात एकदा उतरायचं असतंच, तोच थांबा चार्जिंगचा धरा. फक्त बंद पडलेल्या चार्जरची तयारी ठेवा, एकाच ठिकाणावर विसंबू नका. परळीच्या घरी १५ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग असेल तर रात्रभरात गाडी परतीला तयार होते. अर्थात तिथे वीज रात्रभर राहते का, हे तुमच्या अप्पांनाच विचारा.

गाडी घेण्याआधी एक करा. दोन दिवसांसाठी ईव्ही भाड्याने घेऊन परळीला जाऊन या. अप्पांना पुढच्या सीटवर बसवा. चार-पाच हजार जातील, पण लाखो रुपयांची चूक करण्यापेक्षा स्वस्त.

तुमच्या लेकीबद्दल. 'मी पेट्रोलच्या गाडीत बसणार नाही' असं म्हणणारी मुलगी मला आवडली. तिला हसू नका. पण तिला एवढं कळू द्या की तिच्या खोलीतला पंखाही आजोबांच्या कोळशावर फिरत आलाय. आणि तिला खरंच काही करायचं असेल तर गाडीपेक्षा मोठी गोष्ट तुमच्या डोक्यावर आहे, सोसायटीची गच्ची. पीएम सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या सौर यंत्रणेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं, आणि सामाईक वापरात गाड्यांचं चार्जिंगही धरलेलं आहे. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. २० किलोवॅट बसवले तर दिवसाला ८० युनिट. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, आणि त्यातूनच दुपारी उभ्या असलेल्या दोन-चार गाड्या. गच्चीवर सावली किती वाजता कुठे पडते याचा नकाशा आठवीतली मुलगी एका आठवड्यात काढू शकते. आजोबांबरोबर काढला तर बरोबर निघेल.

मग मी काय करायला सांगते? तुमच्या किलोमीटरला, तुमच्या रोजच्या ठरलेल्या रस्त्याला ईव्ही योग्य आहे, असं माझं मत आहे. पण प्लग आधी, गाडी नंतर. सोसायटीची लेखी परवानगी हातात येईपर्यंत किंवा कंपनीत चार्जरची खात्री होईपर्यंत शोरूममध्ये टोकन भरू नका. तोवर जुनी गाडी चालवा. नऊ वर्षांची नीट ठेवलेली गाडी आणखी दोन-तीन वर्षं सहज जाते. त्या काळात यजमानांनी आठवड्यातून दोन दिवस कंपनीच्या बसने जाऊन पाहावं. ते जमलं तर कुठलीही नवी गाडी न घेता वर्षाला तीनशेच्या आसपास लिटर पेट्रोल वाचेल, आणि मग १३,००० किलोमीटरचं माझं सगळं गणित नव्याने मांडावं लागेल. आनंदाने मांडेन.

आणि रोज जेवताना तुमचं मत विचारतात, त्याचं काय करायचं? तुम्ही लिहिलंत, 'दोघांनाही माझं मत हवंय'. ते तुमच्याकडून मत मागत नाहीत, निकाल मागताहेत, आणि तो देण्याचं काम तुमचं नाही. सोसायटीची वार्षिक सभा कधी आहे ते सचिवांना विचारा. त्याच्या पंधरा दिवस आधी अर्ज पोचायला हवा. अर्जावर नाव यजमानांचं असू द्या, आराखडा अप्पांनी बघितलेला असू द्या. आणि तो अर्ज घेऊन खाली कमिटीच्या ऑफिसात तुम्ही जाऊ नका, त्या दोघांनी मिळून जाऊ द्या.